एका बोटाची जागा

ब्रेक शौनकने दाबला नाही. पायाने परस्पर दाबला. मानकोलीच्या अलीकडे पुढचा कंटेनर एकाएकी थांबला, शौनकची गाडी नाक खाली घालून जागच्या जागी रुतल्यासारखी झाली, मागच्या टेम्पोने शिवी दिल्यासारखा हॉर्न दिला, आणि या सगळ्याच्या मधल्या कुठल्या तरी फटीत डावीकडून एक बारीक आवाज आला. दाताखाली साखर फुटावी तसा. त्याने मान वळवली. उर्वी तिच्या सीटमध्ये होती. होती, पण पुढे आली होती. तिची पाठ आणि सीटची पाठ यांच्यामध्ये एक पोकळी दिसत होती आणि ती पोकळी कधीच दिसायला नको होती. त्याच्या बाजूचा पट्टा तिच्या खांद्यावरून उतरून दंडावर आला होता. "बाबा, फुटला," ती म्हणाली. गळ्यातल्या हलव्याच्या हारातला एक दाणा काळ्या परकरावर पडला होता आणि त्याचा पांढरा चुरा झाला होता. ती रडली नाही. तिने चुरा बोटाला लावला आणि चाटला.

काही झालं नव्हतं. कंटेनर पुढे सरकला, तोही सरकला. काही झालं नाही, असं त्याने मनातल्या मनात म्हटलं आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं की आपण तालीम करतो आहोत. क्षिप्राला हे कसं सांगायचं त्याची. 'एक कंटेनर थांबला अचानक, पण काही झालं नाही.' किंवा 'ट्रॅफिक होतं जरा.' किंवा काहीच नाही. ज्या गोष्टीत काही झालेलं नसतं ती सांगायची कशी? तिला सुरुवात नसते, शेवट नसतो. फक्त एक पोकळी असते, तळहाताएवढी, पाठ आणि सीट यांच्यामध्ये, आणि

पट्टा आणि छाती यांच्यामध्ये एक बोट. एकच. दुसरं शिरलं तर पट्टा सैल. हे त्याने क्षिप्राला शिकवलं होतं, वडिलांना, म्हणजे अण्णांना, सांगितलं होतं, कोलशेतच्या त्यांच्या सोसायटीत नवीन बाळ झालेल्या दोघांना पार्किंगमध्ये उभं करून दाखवलं होतं. लोक त्याच्याकडे बघून हसायचे, कारण हे सगळं तो ज्या गाडीपाशी उभा राहून सांगायचा ती दोन सीटची होती. बुटकी, निळसर राखाडी, जमिनीला पोट लावून चालणारी, सोसायटीतल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला तिरकी घ्यावी लागणारी. अशा गाडीत मूल नेणारा माणूस आधीच आरोपी असतो. म्हणून त्याने कुठेच फट ठेवली नव्हती. डाव्या सीटपुढची एअरबॅग किल्लीने बंद करायची, ती बंद असल्याचा पिवळा दिवा पेटलेला बघायचा, सीट मागे ढकलायची, अगदी शेवटपर्यंत, मग मुलाची सीट खालच्या दोन कड्यांत टक-टक बसवायची, हलवून बघायची, मग मूल, मग पट्टे, मग बोट. आज सगळं केलं होतं. दिवा आत्ताही पेटलेला होता. बोटाचं तेवढं

दागिन्यांमुळे. आईने, म्हणजे सुमतीने, हलवा घरी केला होता. गॅस मंद, कढई, तिळावर पाकाचे थेंब, आणि बोटांच्या टोकांनी फिरवत राहायचं, दिवसच्या दिवस, काटा येईपर्यंत. तिची बोटं भाजायची. फोनवर ती म्हणाली होती, "तयार करूनच आण रे तिला. इथे बायका येतात, पोरं येतात, नुसता गोंधळ असतो. आणि दागिने जपून. माझ्याच्यानं पुढच्या वर्षी काही व्हायचे नाहीत." मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा. क्षिप्रा सकाळीच कॅबने डोंबिवलीला पुढे गेली होती, बोरं, ऊस, चुरमुरे, गोळ्या-बिस्किटांच्या पिशव्या घेऊन. त्या पिशव्या त्याच्या गाडीत मावल्या नसत्या. उर्वी दुपारी झोपली, उठली, आणि त्याने तिला एकट्याने सजवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने परकराची नाडी बांधली. हाराच्या दोऱ्याला दोन गाठी मारल्या. मग खाली आणून तिला सीटमध्ये बसवलं, पट्टे ओढले आणि हाराचे दाणे करकरले. त्याचा हात थांबला. त्याने पट्टा ढिला केला. थोडा. दाणे मोकळे झाले. आणखी थोडा.

हात थांबला तो क्षण आता पुन्हा पुन्हा येत होता. बोट घालून त्याने बघितलंच नव्हतं. बघितलं असतं तर कळलं असतं, आणि कळायला नको होतं.

"उर्वी, हात आत घाल. पट्ट्याच्या आत."

"कुठे?"

"हा बघ, खाली आलाय ना, त्याच्यातून हात वर काढ."

तिने आज्ञाधारकपणे काहीतरी केलं. त्याने रस्त्यावरून नजर काढून बघितलं. तिने हात उलट पूर्ण बाहेर काढला होता. आता एका बाजूला पट्टाच नव्हता. "काढला," ती म्हणाली, शाबासकीची वाट बघत.

थांबायला जागा नव्हती. रुंदीकरणाचं काम होतं, डावीकडे पत्र्याचे कठडे, कठड्यांच्या कडेला खडी, उजवीकडे कंटेनरांची भिंत. गोदामांच्या भागातून येणारा प्रत्येक ट्रक कुठल्या तरी मालाने वाकलेला. या गाडीत बसलं की ट्रकची चाकं डोळ्यांच्या पातळीवर येतात. एरवी त्याला ते आवडायचं. लग्नाआधी क्षिप्रालाही आवडायचं. माळशेजला जाताना तिने एका टँकरच्या चाकाचे बोल्ट मोजले होते आणि हसली होती. तेव्हा गाडीत दोन माणसं होती आणि जगात दोनच माणसं होती, हिशेब बरोबर होता. मग तिसरं आलं. तेव्हापासून तिघांतले कुठलेही दोन. क्षिप्रा आणि तो जातात तेव्हा उर्वी कुणाकडे तरी असते. उर्वी आणि तो जातात तेव्हा क्षिप्रा मागे उभी असते, पार्किंगच्या खांबापाशी, हात न हलवता. तिघं मिळून या गाडीत कधी कुठे गेलीच नाहीत. गाडी विकून टाक असं ती कधीच म्हणाली नाही. ती वेगळंच म्हणाली होती, आज सकाळी, कॅबच्या दारात पाय ठेवून.

"तिला पण नेते मी. झोपेल मांडीवर."

"मांडीवर? अगं, साठच्या स्पीडला ब्रेक लागला ना, तर तुझ्या हातात राहणार नाही ती. कुणाच्याच राहत नाही. सीटमध्ये शंभर टक्के सेफ आहे."

"तुझ्याकडे सगळ्याची उत्तरं असतात."

"उत्तर नाही, फॅक्ट आहे."

तिने हातातली पिशवी आत सरकवली. मग म्हणाली, "शौनक, तिला काही व्हायला नको एवढंच नाहीये माझं. मला तिला तुझ्यावर सोडून जाता आलं पाहिजे. मागे वळून न बघता. बस, तेवढंच." आणि कॅबमध्ये बसली, आणि खरंच मागे वळून बघितलं नाही. तो जिंकला होता. जिंकल्याचं बरंही वाटलं होतं, लिफ्टमधून वर जाईपर्यंत.

त्याने डावा हात तिच्या छातीवर आडवा धरला. हे काही कामाचं नव्हतं. त्याला माहीत होतं. त्यानेच लोकांना सांगितलं होतं, की हात आडवा धरून मूल थांबत नाही, ही मनाची समजूत असते. तरी हात गेला. हाताखाली हलव्याचे काटे, त्यांच्याखाली परकराची जर, त्याखाली तिचा श्वास, बारीक आणि निवांत. आणि गिअर? गिअरही डाव्याच हाताचा. एक तर गिअर, नाही तर मूल. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, पुढचे ट्रक मोकळे होऊन वेग घ्यायला लागले होते, मागचा टेम्पो ढकलत होता, आणि हात उचलायचं त्याच्या अंगात येईना. त्याने दुसऱ्यातच पाय दाबला. इंजिन ओरडायला लागलं. आधी गुरगुर, मग किंचाळी, सबंध पत्र्याच्या कठड्यांवर आपटून परत येणारी.

आणि म्हणून ती पोरं आली. एका मोटारसायकलवर दोघं, हेल्मेट नाही, मागच्याच्या हातात मोबाइल. ती त्याच्या डाव्या अंगाला आली, कठडा आणि गाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून, उर्वीच्या काचेला अगदी लागून. "दादा, एक नंबर!" मागचा ओरडला. "अजून, अजून एकदा! आवाज काढा ना!" त्यांना वाटत होतं तो त्यांच्यासाठी करतो आहे. शौनकने नकारार्थी मान हलवली. त्यांना तो होकार वाटला. पुढचा पोरगा बाइक आणखी जवळ घेऊन आला, मागचा वाकून काचेतून आत शूट करायला लागला. उर्वीने त्याला हात दाखवला, पट्ट्याबाहेरचा, मोकळा हात. पोरगा हसला, त्यानेही हात दाखवला, म्हणजे त्या क्षणी बाइकवर त्याने कशालाच धरलेलं नव्हतं. मुलं. कुणाची तरी. कुणी तरी यांनाही सोडून दिलं होतं आणि मागे वळून बघितलं नव्हतं. तो जागचा हलू शकत नव्हता: डावीकडे झालं तर ती कठड्यावर, उजवीकडे झालं तर कंटेनर, थांबलं तर टेम्पो. त्याच्या कपाळावरून घाम आला आणि डोळ्यात गेला आणि पुसायला हातच उरला नव्हता.

अण्णांकडे स्कूटर होती. तो पुढे उभा राहायचा, हँडलला धरून, अण्णांचे गुडघे दोन्ही बाजूंना. मागे आई, एका बाजूला पाय सोडून. डोंबिवलीहून कल्याण, कल्याणहून टिटवाळा, अंगारकीला. वारा तोंडात शिरायचा. त्याला आठवतं, जगात तेवढी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. तो उभ्या उभ्या झोपून जायचा आणि अण्णांची हनुवटी डोक्यावर टेकायची. पुष्कळ वर्षांनी, उर्वीची सीट आणली तेव्हा, अण्णा तिचे पट्टे बोटांनी चाचपत म्हणाले होते, "एवढं कशाला लागतं? तुला मी पंच्याने बांधायचो. माझ्या कमरेला. झोपलास की घसरायचास ना." त्याला पंचा आठवत नव्हता. गुडघे आठवत होते, हनुवटी आठवत होती. ज्याला तो इतकी वर्षं मिठी समजत होता ती गाठ होती. आणि पंचा सुटला असता तर, अण्णा? विचारलं नव्हतं. पंचा सुटला नव्हता. काही झालं नव्हतं. काही न झालेल्या गोष्टींवर तर सगळी घरं उभी असतात, आणि

पुलाचा चढ आला. मानकोलीहून मोठागावात जाणारा नवा पूल, रुंद, खाली उल्हास नदीचं गढूळ पाणी आणि दुतर्फा तिवरं. इथे लोक फोटोसाठी गाड्या थांबवतात. त्याने चारही इंडिकेटर लावले आणि डाव्या कडेला गाडी थांबवली. इंजिन बंद झाल्यावर कानात एक पोकळ सुं राहिली. तो उतरला, वळसा घालून तिच्या दाराशी आला, दार उघडलं, गुडघ्यांवर बसला. पोरंही पुढे जाऊन थांबली आणि बाइक ढकलत परत आली.

"दादा, फोटो काढू ना? गाडीबरोबर?"

"काढा." त्याने वर न बघता म्हटलं. हाराच्या दोऱ्याची गाठ सुटत नव्हती. त्याच्याच दोन गाठी.

"ए प्रीतम, लांबून घे, सगळी गाडी आली पायजे," पुढचा म्हणाला आणि आत वाकला. "ही बाय कुठं चालली एवढी नटून? लगीन हाय काय?"

"बोरन्हाण आहे माझं," उर्वी म्हणाली.

"मंग बोरं आमाला पन दे."

"तुम्ही मोठे आहात. मोठ्यांचं नसतं."

पोरगा हसला. "टॉप स्पीड किती दादा हिचा?" शौनकने ऐकलं नाही असं दाखवलं. गाठीवरून त्याची नखं पुन्हा पुन्हा घसरत होती, आणि ते त्या पोराने बघितलं. तो जरा मागे सरला. "आम्ही लय जवळ आलो काय?" त्याने विचारलं, वेगळ्याच आवाजात. शौनकला काहीतरी म्हणायचं होतं, हो, किंवा हेल्मेट घाला, किंवा घरी जा. "नाही," तो म्हणाला.

गाठ सुटली. हार, बाजूबंद, मुकुट, एकेक करून त्याने दागिने काढले आणि आपल्या सीटवर ठेवले. तिचा हात पट्ट्यातून घेतला, पट्टे खांद्यांवर बसवले, मधली दोरी ओढली. बोट. एकच बोट. आणखी थोडं ओढलं.

"टोचतं बाबा."

"टोचू दे."

पूल त्याने सावकाश पार केला, दागिने मांडीवर घेऊन, गिअर हवा तसा टाकत. डावा हात मोकळा होता. संध्याकाळच्या आधीचं पिवळं ऊन पाण्यावर होतं, उर्वी काहीतरी गुणगुणत होती, आणि त्याला इतकं हलकं वाटलं की लाज वाटली. संपलं. आता यापुढे कधीच नाही. यापुढे नेहमी. क्षिप्राला सांगायचं की नाही हा प्रश्नही त्या उन्हात विरघळून गेला. सांगायचं, हसत सांगायचं, पुलावर कशी दोन पोरं भेटली ते.

मोठागाव संपून डोंबिवली पश्चिमेच्या गल्ल्या सुरू झाल्या तेव्हा फोन वाजला. आई. स्पीकरवर तिच्या मागे बायकांचा कलकलाट. "कुठे पोचलात? मी ओवाळणीचं ताट घेऊन खालीच येते. सगळ्या गॅलरीत उभ्या आहेत, गाडीतून उतरताना फोटो काढायचाय म्हणतात. दागिने नीट आहेत ना?"

"आहेत," तो म्हणाला.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी त्याने गाडी बाजूला घेतली. इथून घर दोन वळणांवर. या गल्लीत माणूस चालतो त्याहून वेगाने गाडी जात नाही. भाजीच्या गाड्या, रिक्षा, शाळेतून येणारी पोरं. हे त्याने स्वतःला सांगितलं. आईची भाजलेली बोटंही सांगितली. ही सगळी कारणं खरी होती आणि त्यांतलं एकही कारण नव्हतं. त्याला दार उघडायला हवं होतं. गॅलरीतून बायका बघताहेत, अण्णा फाटकाशी, क्षिप्रा ताटामागे, आणि बुटक्या निळसर गाडीचं दार उघडतं आणि आत काळ्या परकरात पांढऱ्याशुभ्र दागिन्यांनी मढलेली त्याची मुलगी, एक दाणा कमी आहे हे कुणाला कळणारही नाही अशी. बघा. याच गाडीतून आणली. मीच आणली. त्याने मुकुट घातला, बाजूबंद बांधले, हार बांधला. आणि मग हाराखालचा पट्टा

ढिला केला.

"आता टोचत नाही," उर्वी म्हणाली.

पहिल्या वळणावर एक रिक्षा फटकन आडवी आली. तो हळू होता, गाडी सहज थांबली, त्याचा हात आडवा गेलेला होता. रिक्षावाला हसून पुढे गेला. पण या खेपेला पाय परस्पर गेला नव्हता. या खेपेला त्याला सगळं माहीत होतं.

"आला रथ," फाटकाशी अण्णा म्हणाले. "सारथी घामाघूम झालाय." गॅलरीत मोबाइल वर झाले. आई पायऱ्या उतरत होती, ताटातली ज्योत एका हाताने झाकत. दार उघडलं, आणि सगळं त्याने योजलं होतं तसं झालं. बायकांचा 'अगंबाई' असा एकच लांबट उद्गार आला, आईच्या डोळ्यांत पाणी आलं, कुणीतरी म्हणालं, सुमतीताई, हात आहेत की काय तुमचे. क्षिप्रा पुढे झाली, उर्वीला काढायला वाकली. बकल सोडण्याआधी तिने सवयीने पट्ट्याखाली बोट घातलं. त्यानेच लावलेली सवय. शौनकने बघितलं: बोट गेलं, मग दुसरं, मग बोटांच्या मुळापर्यंत हात, मग अंगठ्यासकट अख्खा तळहात, आणि तो हात तिथे, पट्टा आणि मुलीची छाती यांच्यामध्ये, ताटातली ज्योत तीनदा फिरून जाईपर्यंत तसाच राहिला. मग तिने बकल सोडलं आणि हसऱ्या तोंडाने फोटोकडे वळली.

वर पाटावर उर्वी बसली. आजूबाजूला पोरं टपलेली. आईने मापट्याने तिच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतल्या. उर्वीने डोळे घट्ट मिटले, आणि पोरं जमिनीवर तुटून पडली. तो फ्रिजपाशी उभा होता. क्षिप्रा रिकामं पातेलं घेऊन आली आणि त्याच्या शेजारी ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

"माझा हात गेला. अख्खा."

"दागिने मोडतील म्हणून. शेवटच्या दोन वळणांवर फक्त. त्याआधी घट्ट होता, पुलावर मी..." तो थांबला. पुलाआधीचं सांगायला लागणार होतं.

"डब्यात आणायचे ना."

"काय?"

"दागिने. डब्यात घालून आणायचे. इथे येऊन घातले असते."

इतकं सोपं होतं ते. त्याला सुचलंच नव्हतं. आई म्हणाली तयार करून आण, आणि त्याने एअरबॅगपासून कड्यांपर्यंत सगळ्याचा विचार केला आणि डब्याचा केला नाही.

"तू म्हणालास मांडीवर राहत नाही. मी दिवसभर तेच डोक्यात घेऊन बसलेय," क्षिप्रा म्हणाली. आवाज चढला नव्हता. बाहेर बायका होत्या. "जाताना ती माझ्याबरोबर येईल."

"कॅबमध्ये? क्षिप्रा, मांडीवर..."

"हो. मांडीवर."

कॅब आली तेव्हा उजेड मावळत होता. त्याने आपल्या गाडीतून मुलाची सीट उचकटून काढली आणि कॅबच्या मागच्या सीटवर नेऊन ठेवली. तिथे कडी नव्हती, पण बेल्टने बांधता येते, त्याला येत होतं. बेल्ट सापडला. बकल सापडेना. त्याने सीटच्या खाचेत बोटं घातली, कव्हरखाली चाचपलं, नखं दुखली. ड्रायव्हर, आनंदा नावाचा एक जाडसर माणूस, आरशातून बघत होता. "साहेब, ते आत गेलंय. कव्हर शिवून घेतलंय वरनं. कुणी लावतच नाही मागे."

"कापता येईल का?"

"भाड्याची गाडी आहे साहेब," आनंदा म्हणाला, दुःखाने. मग क्षिप्राकडे वळून, समजूत घालावी तसं: "ताई, तुम्ही घट्ट धरून बसा. मी आरामात घेतो."

अण्णा फाटकाशी होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून दोन्ही हातांत धरला, द्यावा की न द्यावा असा, आणि पुन्हा खांद्यावर टाकला. क्षिप्रा आत बसली. उर्वी तिच्या मांडीवर. शौनक खिडकीपाशी वाकला. सगळं त्याच्या ओठांवर होतं, वेग, वजन, हातांची ताकद; सकाळी हीच वाक्यं किती पटापट आली होती. "दुसरी कॅब बोलवू," तो म्हणाला. "बघू, बेल्ट असलेली."

"आणि त्याचं बकल तू बघणार?" क्षिप्रा म्हणाली. मग काच वर झाली.

तो मागे लागला. रिकामी सीट त्याने आपल्या गाडीत शेजारी नुसतीच ठेवली होती. वळणावर ती कलंडत होती आणि त्याचा हात तिला धरायला जात होता. मोठागाव गेलं. पुलावर दिवे लागले होते. आनंदा खरंच आरामात चालवत होता, आणि शौनकने मध्ये अंतर ठेवलं होतं, खूप अंतर, म्हणजे कॅब कशीही थांबली तरी निदान त्याची गाडी तिच्यावर जाणार नाही. त्याच्या हातात आता एवढंच होतं: एक रिकामी जागा, सांभाळून पुढे पुढे न्यायची. पण या रस्त्यावर रिकामी जागा कुणी राहू देत नाही. एक स्कूटर घुसली, गेली. एक मोटार घुसायला बघत होती. त्याने हॉर्न दिला.

कॅबच्या मागच्या काचेत उर्वीचं डोकं वर आलं. तिने त्याचा हॉर्न ओळखला होता. आधी मुकुट, मग कपाळ, मग सगळी ती, सीटवर उभी, दोन्ही तळवे काचेला लावून. त्याच्या दिव्यांचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. गाडीत त्याला तिचा फक्त कान आणि गाल दिसायचा. रस्त्यात असताना तिचं सबंध तोंड त्याने असं समोरून कधी बघितलं नव्हतं. ती हसत होती. तो ओरडला, बस, बस खाली, काचा बंद असलेल्या गाडीत, एकटाच. तिने हात हलवला. मागून क्षिप्राचा हात आला, तिच्या कमरेला लागला, ती खाली गेली.

पूल उतरला. पुढे मानकोलीची कोंडी, गोदामांतून बाहेर पडणाऱ्या गाड्या. डावीकडून एक बंद बॉडीचा टेम्पो कॅबच्या मागच्या जागेत नाक घालायला लागला, इंच इंच, त्याच्याकडे न बघता. शौनकचा अंगठा हॉर्नवर गेला. आत शिरला की टेम्पो कॅबच्या अगदी पाठीला लागणार होता. हॉर्न दाबला की उर्वी पुन्हा सीटवर उभी राहणार होती.

अंगठा तसाच राहिला. मग त्याने तो उचलला.

टेम्पो आत आला. त्याचं पत्र्याचं दार शौनकच्या सबंध काचेभर झालं, त्यावर कुणाच्या तरी नावाची धुळीतली अर्धी अक्षरं, आणि कॅब दिसेनाशी झाली. त्याने काच खाली केली, रेडिओ लागलेला नसतानाही बंदचं बटण दाबलं, आणि टेम्पोच्या पलीकडून काय ऐकू येतंय त्याकडे कान लावून, पहिल्या गिअरमध्ये, त्याच्या मागोमाग सरकत राहिला.